कडुलिंबावरची गुळवेल

विमलाबाईच्या अंगणात कडुलिंब आहे आणि त्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाच्या पोटात ती वेल कधी ना कधी गेलेली आहे, माझ्याही. कोरोनाच्या वर्षी ही बाई रोज सकाळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून काढा उकळायची आणि स्टीलचे गिलास घेऊन दारोदार फिरायची. तोंडाला पदर बांधलेला, आवाज मात्र पार चौकापर्यंत जायचा. "घ्या, नाक दाबून प्या, पन प्या!" मी एकदा तिची पाठ वळल्यावर काढा कुंडीत ओतला. तिनं कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा गिलास भरून आणला. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, ती त्याच शाळेत खिचडी शिजवणारी. पण त्या दिवशी मी पहिलीतल्या पोरीसारखी तिच्यासमोर उभी राहून गटागटा प्यायले.

त्या वर्षी आमच्या गल्लीतून एकही तिरडी निघाली नाही. वणा नदीच्या बाजूच्या वस्तीतून निघाल्या, बाजाराकडून निघाल्या, आमच्याकडून नाही. आता ते काढ्यामुळे झालं, की आमची गल्ली हिंगणघाटच्या पार टोकाला म्हणून झालं, कोण सांगणार? विमलाबाईला मात्र काडीचीही शंका नव्हती. विहारात वंदना आटोपली की बायका तिच्याभोवती जमायच्या आणि ती डॉक्टरणीच्या थाटात सांगायची, "अंगात ताकद पायजे. ताकद असली का रोग दारातूनच वापस जाते." नवरा तरुणपणी गेला, तेव्हापासून तिनं ह्याच एका वाक्यावर संसार रेटला होता. शाळेच्या धुरात डोळे चोळत, शंभरेक पोरांची खिचडी ढवळत. मला त्या वाक्याचा आता संताप येतो. वाक्य खोटं नव्हतं हो, म्हणून तर जास्तच येतो.

धीरज तिचा एकुलता एक. माझ्याच वर्गात शिकला. गरीब स्वभावाचा, उलटून न बोलणारा. मी फळ्यावर बेरीज चुकवली तरी हा वहीत तशीच उतरवून घ्यायचा. "अरे, चुकलं हे, दिसत नाही का तुला?" म्हटलं तर म्हणायचा, "दिसलं होतं मॅडम, पण तुम्ही लिहिलं होतं." एवढं आज्ञाधारक पोर बरं नव्हे, असं मी विमलाबाईला तेव्हाही म्हणाले होते. ती हसली होती. पुढे तो कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाला लागला, लग्न झालं. सून मयुरी, तहसील कचेरीत कॉम्प्युटरवर कंत्राटी कामाला. पोरगी तिखट आहे आणि मला आवडते.

लग्नानंतर धीरजचा घसा वारंवार धरायला लागला. घसा दुखला की दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. तो कोणाला बोलला नाही, आणि घशावर आईचा काढा होताच. मग एक दिवस सकाळी चेहरा सुजून डोळे मिटल्यासारखे झाले, बीपी इतकं वाढलं की इथल्या डॉक्टरनं सरळ नागपूरला पाठवलं. "मॅडमले समजते डॉक्टर लोकायचं" म्हणून विमलाबाईनं मलाही गाडीत बसवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावून सांगणाऱ्या होत्या. किडनीचा तुकडा काढून तपासला होता. त्या म्हणाल्या, "घशात जंतू आला की त्याच्याशी लढायला शरीर एक पदार्थ बनवतं. धीरजच्या शरीरात तो बिघडलेला बनतो आणि किडनीच्या गाळणीत जाऊन अडकतो. मग शरीर त्या गाळणीवरच तुटून पडतं. रोग बाहेरून आलेला नाही, आई. त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्याच्या किडन्या खाते आहे."

विमलाबाई परतताना हायवेवर जामठ्याच्या पुढे आल्यावर माझ्या कानाशी लागली. "मॅडम, आपलंच अंग आपल्याले काऊन खाईन? ही डॉक्टरीन नवी हाये. शिकून राह्यली." मी म्हणाले, "तू गप्प बस अन् ती सांगते ते ऐक." त्यावर तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं ते हिंगणघाट येईस्तोवर.

दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायचं, मोजून पाणी प्यायचं, धीरजचं तोंड काळवंडून गेलं. किडनी द्यायची वेळ आली तेव्हा विमलाबाईनं कोणाला तोंड उघडू दिलं नाही. मयुरी पुढे झाली तर तिला दरडावलं, "तुह्यं आयुष्य पडलं हाये अजून. बस खाली." तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, आणि ती घरी आली ती वरात घेऊन आल्यासारखी. गल्लीत पेढे वाटले.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. तेव्हाही मी होते, म्हणून जे ऐकलं ते सांगते. त्या म्हणाल्या, "शरीरात पहारेकरी असतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे ते ओळखतात. परकं दिसलं की मारतात. जंतूलाही मारतात आणि दुसऱ्याच्या किडनीलाही. म्हणून ह्या गोळ्या. ह्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. जन्मभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. आणि वरून काढा, जडीबुटी, ताकदीचं चूर्ण, काहीही द्यायचं नाही."

"मी आई हाये त्याची," विमलाबाई म्हणाली. "मी काय परकी हाव का?"

"शरीराच्या हिशेबानं अर्ध्या परक्याच, आई."

विमलाबाईचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. नवरा गेला तेव्हाही नाही. बाहेर बाकावर बसून ती पदराशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "नऊ महिने ह्या पोटात ठेवला. तेव्हा माह्या अंगानं त्याले नाई मारलं. अन् आता त्याचं अंग मले ओळखत नाई म्हनते." खरं सांगायचं तर मलाही भरून आलं होतं.

ऑपरेशन छान झालं. किडनी बसवली आणि टेबलावरच लघवी सुरू झाली. ही गोष्ट विमलाबाईनं आल्यागेल्याला ऐकवली. "माह्यावानीच हाये ते. पहिल्याच दिवशी कामाले लागली!" पोटाच्या कडेला लांब टाका घेऊन ती महिन्याभरात पुन्हा शाळेच्या चुलीपुढे उभी. धीरजच्या तोंडावर रंग आला. मयुरीनं घराची शिस्तच बदलून टाकली. त्याची खोली वेगळी, पाणी उकळलेलं, आल्यागेल्याला मास्क, सकाळ-संध्याकाळ गोळ्यांच्या वेळेला मोबाईलची घंटा. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी असं वाटून घेते ना, तेव्हा हमखास काहीतरी होतं.

धीरजच्या छातीवर नागीण उठली. लालभडक फोडांचा पट्टा पाठीकडून पुढे येत चाललेला, आग आग होत होती. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनी औषध दिलं आणि समजावलं की पहारेकरी गुंगीत असले की लहानपणीच्या कांजिण्यांचा अंगात दडलेला जंतू असा डोकं वर काढतो. बरं होईल, घाबरू नका. आणि झालंही बरं. पण आमच्याकडे म्हणतात, नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस जातो. विमलाबाई रोज त्याचा शर्ट वर करून बोटानं अंतर मोजायची. मी तिथं गेले तर मला हाताला धरून दाखवलं. "पाहा मॅडम. गोळ्या खाऊ घालू घालू पोट्ट्याले इतकं कमजोर केलं. बिन ताकदीचं अंग हाये, कोनीही येऊन चढते. उद्या काही मोठं आलं तं?"

"डॉक्टरनं सांगितलं ना, ठरवून कमजोर ठेवलंय म्हणून?"

"ठरवून कोनी लेकराले कमजोर ठेवते का?" असं म्हणून तिनं त्याचा शर्ट खाली केला. त्या प्रश्नात मला काहीतरी वाईट दिसलं. काय ते नीट कळलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी आमच्या सामाईक भिंतीशी कपडे वाळत घालत होते. सहज वर पाहिलं तर कडुलिंबाचं खोड उघडं पडलेलं. मुख्य जाड वेल तेवढी ठेवून, हात पोचेल तितक्या उंचीपर्यंत गुळवेलीचे फाटे कापून नेलेले. मी हाक मारली. ती ओट्यावर बसून वेलीची साल सोलत होती, शेजारी खलबत्ता.

"कोणासाठी गं?"

"माह्यासाठी. गुडघे धरले."

"धीरजला देत नाहीस ना?"

"छे!"

"त्याची आण घे पाहू."

तिच्या हातातला सुरा थांबला. धीरजची खोटी आण ती मेली तरी घेणार नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी मागितली. ती उठली, खलबत्ता काखेत घेतला आणि आत निघून गेली. दार लावून घेतलं. भर सकाळी, माझ्या तोंडावर!

माझं डोकं असं फिरलं की मी चपला घालून थेट तहसील गाठली. मयुरीला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. पोरगी पांढरी पडली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, सासूच्या देखत. धीरज म्हणाला, "नाई पीत मी. आई स्वतःसाठीच करते." इतकं शांतपणे म्हणाला की मयुरीनं विश्वास ठेवला. मीही ठेवला. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाचं पहिलं खोटं ओळखायचं कसं?

पुढचं धीरजनंच नंतर सांगितलं, तसं सांगते. मयुरीची स्कुटी गल्लीतून वळली की विमलाबाई गिलास घेऊन यायची. पहिल्या दिवशी म्हणाली, हळद-तुळशीचं पाणी आहे. एक घोट घेताच त्याला कळलं. गुळवेलीचा कडूपणा आमच्या गल्लीत कोणाला शिकवावा लागत नाही. तासाभरापूर्वीच त्यानं गुंगीच्या गोळ्या घेतलेल्या होत्या. समोर आई उभी, एक हात गिलासाखाली धरलेला, दुसरा नकळत आपल्या टाक्यावर. तो प्यायला. दुसऱ्या दिवशीही प्यायला.

मग रिपोर्टात आकडा हलला. रक्तातला क्रिएटिनिन, किडनी कशी चालली ते सांगणारा. थोडासाच वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? नाही. बाहेरचं काही खाल्लं? नाही. काढा, चूर्ण? धीरज म्हणाला, नाही. त्यांनी गोळ्यांचं प्रमाण बदललं आणि लवकर परत बोलावलं. घरी येऊन मयुरीनं सासूला सांगितलं की आकडा वाढलाय. विमलाबाईनं त्याचा अर्थ तिच्या परीनं काढला. अंगातली ताकद घटली! दुसऱ्या दिवसापासून काढा दाट झाला.

पुढचा आकडा आणखी वर. काढा आणखी दाट, आता सकाळी एक, दुपारी एक. मी भिंतीपलीकडून पाहत होते की वेलीची उघडी पडलेली जागा वर वर सरकते आहे. शिडी लावून ती वरच्या फांद्यांवरची तोडत होती. मी मयुरीला पुन्हा म्हटलं, पोरी, एका माणसाच्या गुडघ्याला इतकी वेल लागत नाही. तिनं पुन्हा विचारलं. धीरजनं पुन्हा नाही म्हटलं. पाय सुजायला लागले होते त्याचे तेव्हा. विमलाबाईशी माझं बोलणं बंद झालेलं, तरी मी एकदा फाटकाशी उभी राहून ओरडले, "विमले, पोराचा जीव घेशील!" तिनं आतून ओरडून सांगितलं, "माह्या पोराले मीच वाचवीन!" गल्लीतल्या बायका दारात आल्या. सगळ्यांनी मलाच वेड्यात काढलं. कोरोनात सगळ्यांना जिनं तारलं ती बाई पोराचं वाईट करेल का? बरोबर आहे. करेलच कशी?

एक दिवस धीरजला ताप भरला. नव्या किडनीच्या जागी, ओटीपोटात, हात लावू देईना. लघवी जवळजवळ बंद. त्याच दुपारी नागपूरला नेलं. पुन्हा तुकडा काढला. पहारेकरी जागे होऊन किडनीत शिरले होते. सलाईनमधून जालीम औषधं दिली, रक्त गाळून काढलं, तिथल्या लोकांनी काही कमी केलं नाही. विमलाबाई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसलेली, पिशवीत थर्मास. थर्मासात काय होतं ते मला आता माहीत आहे. आत पोचवायला नर्सनं दिलं नाही म्हणून ती नर्सला शिव्या घालत होती.

किडनी गेली. तेव्हा धीरजनं डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. मी आणि मयुरी पलंगाशी उभ्या होतो. त्या म्हणाल्या, "एकट्या काढ्यामुळेच गेली असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आम्ही रोज ज्यांना झोपवत होतो, त्यांना तुम्ही रोज हलवून उठवत होता." निघताना त्या आणखी एक बोलल्या. "पुढे दुसरी किडनी बसवायची तर आता जास्त अवघड आहे. एकदा परकं ओळखलं की शरीर विसरत नाही. लस दिल्यावर जसा जंतू लक्षात ठेवतं, तसंच हे. पुढच्या वेळी पहारेकरी लवकर येतील आणि जास्त जोरात येतील." मयुरीनं पलंगाचा गज घट्ट धरला.

धीरजचं एकच म्हणणं. "आईले सांगू नका." मी चिडून काही बोलणार होते, पण त्यानं हात जोडले. अंगात त्राण नसलेलं पोर हात जोडतं तेव्हा काय करायचं?

घर पुन्हा मशीनच्या वाराला बांधलं गेलं. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं, तेवढंच प्यायचं. विमलाबाई एकदम खचली. पण तिला जे कळायला हवं होतं ते सोडून तिनं भलतंच ओझं उचललं. भिंतीशी येऊन माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती हे. "मॅडम, माहीच किडनी म्हातारी निघाली. धुरातली बाई मी. सडका माल देल्ला पोराले." आणि रडायला लागली. माझ्या ओठावर आलं होतं, विमले, तसं नाही. धीरजचे जोडलेले हात आठवले. गिळलं.

ते गिळलेलं पुरलं असतं कदाचित. पण मयुरी किडनी द्यायला तयार झाली. तपासण्या सुरू झाल्या. आणि एका रविवारी ती माझ्या घरी आली, दारातच बसली. "मॅडम, सासूबाईनं काल काय म्हटलं माहीत आहे? ह्या वेळेस चूक नाही करायची म्हणे. आधीपासूनच काढा सुरू करायचा. ह्यांना पण अन् मले पण. नवी किडनी मजबूत पाहिजे म्हणे." तिचा आवाज फुटला. "किडनी द्यायचं मले काही नाई वाटत. पण मी तिकडे टेबलावर असेन अन् इकडे गंज चढलेला असेन. मी काय करू? ह्यांना विचारलं तर म्हणतात, आईले दुःख होईन."

मी तिला हाताला धरून उठवलं आणि तशीच त्यांच्या घरात शिरले. धीरज खाटेवर बसलेला. समोर विमलाबाई, हातात गिलास. उशाशी पाण्याची बाटली, तिच्यातलं पाणी आज सकाळीच निम्म्यावर. मला क्षणभर कळेना. मग कळलं. दिवसभरात घोटभर घोटभर पुरवायचं पाणी, दिवसाचं माप ओलांडू नये म्हणून त्यातलंच तो आईच्या काढ्यासाठी काढून देत होता. तहानेनं ओठ फुटले होते त्याचे.

"विमले!" मी ओरडले. "ठेव तो गिलास खाली!"

"थांबा मॅडम," धीरज म्हणाला. "मी सांगतो." जन्मात पहिल्यांदा त्यानं मला अडवलं. "आई, बस इथी."

ती बसली. गिलास हातातच.

"आई, तुही किडनी म्हातारी नव्हती. एकदम चांगली होती. डॉक्टर म्हणे, हे लय वर्षं टिकली असती. ते काढ्यानं गेली. सकाळी मी झोपवायच्या गोळ्या घेत होतो, अन् त्याच्यामागून तुहा काढा. त्यानं अंग जागं झालं, अन् तुह्या किडनीले खाल्लं."

बाहेर कोणाचा तरी रेडिओ चालू होता. विमलाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मयुरीकडे. आम्ही दोघींनी मान खाली घातली, तेव्हा तिला ते खरं वाटलं असावं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"पयल्या दिवसापासून?"

"हो आई."

"मंग कायले पेला रे तू?" ती किंचाळली. "काऊन नाई फेकला माह्या तोंडावर?"

धीरज तिच्या पोटाकडे पाहत होता, लुगड्याआडच्या त्या टाक्याकडे. "तू किडनी देल्ली होती आई. गिलास कसा वापस करू?"

मग ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, गिलासातला काढा गंजात ओतला, गंज उचलून मोरीत उपडा केला. बाहेर गेली आणि मला हाक मारली. "मॅडम, तुमचा विळा द्या. माहा बोथट झाला." मी दिला. कडुलिंबाच्या बुडाशी मनगटाएवढी जाड झालेली ती वेल तिनं उकिडवं बसून कापली. एका दमात तुटली नाही. ती कापत राहिली आणि आम्ही कोणी तिला हात लावायला धजलो नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. मयुरीच्या तपासण्या चालू आहेत. तिचं रक्त आणि धीरजचं रक्त एकत्र करून पाहतात म्हणे, त्याचे पहारेकरी तिच्यावर धावून जातात का ते. एकदा थोडे धावले. औषध देऊन पुन्हा पाहणार आहेत. फोन वाजला की त्या घरातली तिघंही माणसं जागच्या जागी थांबतात.

विमलाबाईनं काढा सोडला. गल्लीतल्या कोणालाच देत नाही. पण गुळवेल अशी मरत नसते. बुडाशी तोडली तरी वरच्या फांद्यांवर राहिलेली हिरवीच राहिली आणि काही दिवसांनी तिथून बारीक धागे खाली सुटले. हवेत लोंबत लोंबत मातीकडे निघालेले. विमलाबाई रोज सकाळी, काढ्याच्या वेळेला, कात्री घेऊन झाडाखाली उभी राहते आणि हात पोचेल तेवढे धागे कापते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बोटभर खाली आलेले असतात.

काल मी भिंतीशी उभी होते. तिनं माझ्याकडे न पाहताच विचारलं, "मॅडम, मयुरीची किडनी तरी त्याचं अंग ओळखीन का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ह्या घरात खोट्यानं काय केलं ते मी पाहिलंय. "नाही विमला," मी म्हणाले. "कोणाचीच नाही ओळखणार. त्याला झोपवूनच ठेवावं लागेल."

तिनं एक धागा कापला. तो खाली पडेपर्यंत पाहत राहिली. जिचा आवाज चौकापर्यंत जायचा, ती इतकं हळू बोलली की मला भिंतीवरून वाकावं लागलं.

"झोपू द्या मंग," ती म्हणाली. "आता मी आवाज नाई करत."